नाही म्हणणारा कॅमेरा

नाशिक रोडला वाढलेल्या मुलाच्या हाती कॅमेरा येण्याआधी त्याला एक पाटी वाचता येते. फोटो काढण्यास सक्त मनाई. शब्द थोडेफार बदलतात, अर्थ तोच. एका अंगाला प्रेसची लांबच लांब भिंत, दुसरीकडे जेलरोडचं मध्यवर्ती कारागृह, देवळालीच्या बाजूला तोफखाना, पूर्वेला एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र. एवढ्याशा परिसरात कॅमेरा बाहेर न काढण्याच्या इतक्या जागा क्वचितच कुठे असतील. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपालतिकिटं पुढे इथेच छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. पासपोर्टच्या पुस्तिकाही इथल्याच. म्हणजे देशातला माणूस पत्र पाठवो, भाजी आणो की परदेशी जावो, आमच्या गावचा कागद त्याच्या हातून जातोच. आणि तो कागद जिथे जन्मतो तिथला फोटो मात्र कुणाच्या अल्बममध्ये नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सायकलवरून जाताना ती भिंत संपेपर्यंत नजर सरळ ठेवायची, एवढं अंगवळणी पडलेलं आहे.

वडील नोट प्रेसमध्ये होते. छापून आलेल्या कागदावरचा दोष शोधणं हे त्यांचं काम. स्टुडिओतून फोटो धुऊन आले की ते पाकीट आधी त्यांच्याकडे जायचं. आम्ही कोण कसं दिसतंय म्हणून धडपडायचो, आणि ते खिडकीशी जाऊन कॉपी तिरपी धरून आधी कडा बघायचे, मग कोपरे, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी माणसं. ‘आकाश जरा पिवळं आलंय,’ हा त्यांचा शेरा. आमच्या चेहऱ्यांबद्दल ते कधी काही बोलल्याचं आठवत नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. नोव्हेंबरमध्ये ती कामायनी एक्स्प्रेसने काशीला निघाली आहे, एकटीच. फोन आहे, त्यात तीन भिंगं आहेत, आणि तरी म्हणाली, “मावशी, मला रोलचा कॅमेरा हवाय. छोटासा. फार महाग नको. तू सांग कुठला घेऊ.”

हल्लीच्या मुलांना रोलचं वेड का लागलंय, यावर मी बरीच कारणं ऐकली आहेत. रंग वेगळे येतात, वाट बघण्यात मजा असते, वगैरे. ती खोटी नाहीत. पण मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. कॅमेरा कुठला, हा प्रश्न मात्र मला आवडला, कारण त्याचं उत्तर देताना लोक नेहमी कॅमेरा काय काय करू शकतो ते सांगतात. भिंग किती तेज, शटर किती चपळ. मी तिला म्हटलं, आधी तो काय करत नाही ते बघ. छोट्या आणि स्वस्त कॅमेऱ्याला नकार असतातच. त्यातला कुठला नकार तुला चालेल, एवढंच ठरवायचं आहे.

पैशाचं आधी उरकून टाकते. कॅमेरा स्वस्त मिळेल, रोल स्वस्त नाही. साध्या रंगीत रोलला आज हजाराच्या आगेमागे पडतात, वर धुलाई आणि स्कॅन. छत्तीस फोटोंचा हिशेब मांडला तर एका खटक्याला चाळीस-पन्नास रुपये. तेव्हा दोन हजारांनी महाग कॅमेरा घेऊन रडण्यापेक्षा दोन रोल जास्त घ्यावेत, हे माझं सरळ मत. भाचीने फोनवर आकडेमोड केली आणि गप्प बसली. तिच्या फोनमध्ये नुसत्या मांजरीचे चारशे फोटो आहेत.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा आमचा नव्हताच. अग्फा क्लिक थ्री, शेजारच्या काकांचा. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो बनवायची आणि साठ-सत्तरच्या दशकांत बऱ्याच मध्यमवर्गीय घरांच्या सहली त्याच्यातूनच टिपल्या गेल्या. भला रुंद रोल, त्यात बारा फोटो. फोकस करायची सोय नाही, वेग बदलायची नाही. त्याचा नकार सोपा होता: सावलीत नाही, जवळून नाही. म्हणून त्या काळच्या अल्बमांत सगळे लोक उन्हात, डोळे बारीक करून, चार पावलं लांब उभे असतात. लोकांना वाटतं ती त्या पिढीची अदब. निम्मी अदब त्या भिंगाची होती. सहलीहून परत देताना त्यात एक-दोन फोटो शिल्लक ठेवायचे आणि काकांना म्हणायचं, तुमचे तुम्ही काढा. हा शिष्टाचार कुणी शिकवला नव्हता.

पुढे हॉट शॉट आला, ज्याची दूरदर्शनवरची ‘खटॅक’वाली जाहिरात माझ्या वयाचे लोक अजून आवाजासकट करून दाखवतात. मग यशिकाचा एमएफ-टू, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, अंगात फ्लॅश असलेला. नव्वदच्या दशकातली लग्नं, बारशी, शिर्डी-वणीच्या सहली याच्यावर. जुन्या बाजारात तो अजून सहज मिळतो आणि तिथला दुकानदार हमखास हाच पुढे करतो. वाईट नाही. पण फ्लॅशमुळे तो अंधारालाही हो म्हणतो, आणि मग सगळ्या अंधाराचा एकच रंग होतो: पुढे पांढरे चेहरे, मागे काळी भिंत. काशीच्या गल्लीचा फोटो आणि आमच्या हॉलमधला वाढदिवस यांत फरक कळणार नाही.

भाचीच्या मनात वेगळंच होतं. हाफ फ्रेम. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. कोडॅकच्या नावाने २०२२ मध्ये आलेला एकटार एच-पस्तीस तिने कुणाकडे तरी पाहिला होता. प्लास्टिकचा, हातात घेतला तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतका हलका. खिशाला परवडणारा. २०२४ मध्ये पेंटॅक्सनेही सेव्हन्टीन नावाचा हाफ फ्रेम कॅमेरा नव्याने काढला. तो उत्तम आहे असं सगळेच म्हणतात, आणि त्याच्या किमतीत काशीच्या बऱ्याच वाऱ्या होतील.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हाफ फ्रेमचं नातं नाशिकशी आहे. अर्धी चौकट हे नावच मुळात उलटं पडलेलं आहे. पस्तीस मिलिमीटरची, दोन्ही कडांना भोकं असलेली पट्टी सिनेमासाठी निघाली, आणि तिच्यावरची मूळ चौकट होती साधारण चोवीस बाय अठरा मिलिमीटरची. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा हीच चौकट घेऊन आले. फिल्म यायची ती कडांना भोकं न पाडलेली. ती भोकं अंधारात बसून घरीच पाडावी लागत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते काम शिकल्या. फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली, थांबत थांबत, रोप वाढेल तसं. मग ‘राजा हरिश्चंद्र’. तो सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चौकटी धरल्या तर एकोणसाठ हजारांच्या वर गेल्या. आपल्या छत्तीसच्या रोलमध्ये जेमतेम पाच-साडेपाच फूट फिल्म असते. ३ मे १९१३ रोजी गिरगावात तो चित्रपट लागला, त्याच वर्षी त्यांनी आपला कारभार नाशकात हलवला, आणि १९४४ मध्ये ते नाशकातच गेले.

फाळके इकडे कामात असताना जर्मनीत वेट्झलारला, लाइट्झच्या कारखान्यातला ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर डोंगर चढायला जायचा. प्रकृती तोळामासा. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा त्याला पेलवेना. त्याने सिनेमाची पट्टी घेतली, आडवी धावायला लावली आणि दोन चौकटी जोडून एक केली: चोवीस बाय छत्तीस. त्याच्या कॅमेऱ्याला बाजारात यायला पुढे दहाएक वर्षं लागली. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला, आमच्या प्रेसच्याच वर्षी. प्रवासात खिशातून न्यायचा कॅमेरा इथून सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही. ज्याला आपण पूर्ण चौकट म्हणतो ती एका दमेकऱ्यासारख्या चढणाऱ्या माणसाने केलेली दुप्पट आहे. मग १९५९ मध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी या पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या तरुणाने पेन नावाचा कॅमेरा सहा हजार येनांत बसवण्याच्या ईर्ष्येने केला, आणि ती चौकट पुन्हा निम्मी झाली. म्हणजे मूळ मापावर आली. फक्त उभी. सिनेमात पट्टी वरून खाली पळते, इथे डावीकडून उजवीकडे. म्हणून फाळक्यांची आडवी चौकट पेनमध्ये उभी राहते.

भाचीला हे ऐकून एच-पस्तीस आणखीच आवडला. मला फाळके कितीही प्रिय असले तरी मी नाही म्हटलं. बहात्तर फोटो एका प्रवासात संपत नाहीत. रोल कॅमेऱ्यातच राहतो, दिवाळीचे फोटो होळीला धुतले जातात, आणि मधल्या काळात कॅमेऱ्यात काय आहे ते आपण विसरतो. शिवाय निम्म्या निगेटिव्हवर निम्माच तपशील. घाटाच्या पायऱ्या मोजता येणार नाहीत. पण माझं खरं कारण वेगळं होतं. एच-पस्तीसला एकच वेग, एकच छिद्र. उजेड असो-नसो, खटका तो मारतोच. तो काही बोलत नाही. फोटो आला नाही हे तुम्हाला पंधरा दिवसांनी स्टुडिओत कळतं.

मला तिच्यासाठी बोलणारा कॅमेरा हवा होता. ऑलिंपस ट्रिप पस्तीस. १९६७ मध्ये आला, १९८४ पर्यंत निघत राहिला, एक कोटीहून जास्त विकला गेला. खास सहलीला जाणाऱ्यांसाठीच केलेला. बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती बारीक फुगीर काचमण्यांचं कडं आहे, त्याच्यामागे सेलेनियम. उजेड पडला की त्यातूनच सुईपुरती वीज तयार होते आणि छिद्र आपोआप लहान-मोठं होतं. “सोलर आहे!” भाची म्हणाली. आहेच. अंतरासाठी चार चित्रं: एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. आकडे वाचायचीही गरज नाही. वेग दोनच, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळीसावा भाग, आणि त्यातला कुठला ते तोच ठरवतो. आणि उजेड पुरेसा नसला की खटका दाबूनही काही होत नाही. डोळ्याशी धरलेल्या खिडकीत खालून एक लाल पापुद्रा वर येतो आणि शटर अडतं. फोटो वाया जात नाही, चाळीस रुपये वाचतात. आपण कॅमेरा खाली घेतो आणि नुसतं बघतो.

मी हे ज्या उत्साहाने सांगितलं त्यावर ती म्हणाली, “म्हणजे तुला प्रेसच्या भिंतीसारखा कॅमेरा हवाय.” पोरीला वाढवलंय चांगलं.

पंचवटीने सकाळी मुंबई गाठून आम्ही दोघी फोर्टात, बोरा बाजारात गेलो. वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर हातात घेऊनच घ्यावा. तिथल्या काउंटरवर काय बघायचं ते मी तिला वाटेतच पढवलं होतं, आणि ते कुणालाही उपयोगी पडेल. पहिलं, भिंगासमोर तळहात धरून खटका दाबायचा: लाल पापुद्रा वर आलाच पाहिजे. मग दाराकडे, उजेडाकडे वळवून दाबायचा: आता तो येता कामा नये. दोन्ही झालं तर सेलेनियम जिवंत आहे. काही कॅमेऱ्यांत ते म्हातारं होऊन गेलेलं असतं आणि त्यावर औषध नाही. दुसरं, मागचं दार उघडून मोबाईलचा टॉर्च भिंगात पुढून आणि मागून पाडायचा. आत कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या भिंगांचा हा मोठा रोग. तिसरं, दाराच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटला तर तो गेलेला आहे. पण ते काम घरी अर्ध्या तासात होतं, त्यावरून भाव पाडून घ्यावा. भाचीने तो स्पंज बोटाने उचलून दुकानदाराला असा काही गंभीर चेहऱ्याने दाखवला की त्याने स्वतःच पाचशे कमी केले. दहा हजारांच्या आत काम झालं. वडील असते तर त्यांनी आधी कडा तपासल्या असत्या, हे मनात आलंच.

परतताना कसारा आला. हा घाट १८६५ पासून रेल्वेला चढवतोय; चढ एकास सदतीसचा, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. पावसाळा सरत आला होता, दरीत धबधब्यांच्या नुसत्या रेघा उरल्या होत्या. भाचीने खिडकीतून कॅमेरा रोखला. डोंगराच्या चित्रावर काटा, खटका, झालं. दुसरा फोटो घ्यायला गेली तोच बोगदा. लाल. पुन्हा उजेड, पुन्हा बोगदा. समोरच्या बाकावरचे पासवाले काका पेपर खाली ठेवून म्हणाले, “अहो, आमचे रोजचे बोगदे आहेत, सांगतो ना मी तुम्हाला.” आणि इगतपुरीपर्यंत ते प्रत्येक बोगद्याआधी हाताने थांबा, आणि नंतर हाताने चला, असं सांगत राहिले. त्यांचाही एक फोटो झाला. दोन माणसांच्या चित्रावर.

पहिला रोल गावातच संपवायचा असं ठरलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या खोडी कळतात. मुक्तिधामला गेलो. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचं ते देऊळ भर दुपारी डोळ्यांत जातं, आणि ट्रिपच्याही. एवढा उजेड पाहून सेलेनियम घाबरतं, छिद्र आवळतं, आणि संगमरवर राखेसारखं करडं येतं. उपाय सोपा. चारशेचा रोल असताना भिंगाभोवतीची चकती दोनशेवर ठेवायची; कॅमेरा दुप्पट उजेड आत घेतो. रंगीत निगेटिव्ह हा जास्तीचा उजेड गिळते, कुरकुर करत नाही. उलट पांडवलेणीत. त्रिरश्मीच्या दगडी विहारात पाऊल टाकलं की उंबऱ्यापाशी सगळं चालतं, खांब छान येतात, आणि आत दोन पावलं गेलं की लाल. राणी गौतमी बलश्रीने कोरवून घेतलेल्या लेखाच्या लेण्यात भाची बराच वेळ कॅमेरा गळ्यात सोडून उभी होती. अंधाराला डोळे सरावले की तिथे दिसतं बरंच काही.

हा लाल नकार मोडता येतो, हेही तिला सांगून ठेवलंय. भिंगाभोवतीच्या दुसऱ्या चकतीवर फ्लॅशसाठीचे आकडे आहेत. ‘ए’वरून काढून त्या आकड्यांवर नेलं की लाल पापुद्रा गप्प बसतो आणि कॅमेरा अंधारातही खटका मारतो. तेव्हा हात थरथरता कामा नये. तिने ते ऐकलं, आणि कधी करायचं हे विचारलं नाही. मला बरं वाटलं.

काशीत तिला नकार भरपूर मिळणार आहेत. विश्वनाथाच्या मंदिरात कॅमेरा नेऊ देत नाहीत. ज्या मंदिराचा १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केला, तिथे मराठी मुलीने रिकाम्या हातांनी जावं हे मला योग्यच वाटतं. मणिकर्णिकेवर चिता जळत असतात. तिथे फोटो काढू नयेत, आणि हे सांगायला पाटीची गरज पडू नये. गल्ल्या अंधाऱ्या, त्यात लाल. पण पहाटे नावेतून, उजेड घाटांवर समोरून पडताना, भोसले घाट, शिंदे घाट आणि त्याच्या पायाशी कललेलं ते देऊळ, पंचगंगेच्या पायऱ्या, हे सगळं ट्रिपच्या हद्दीतलं आहे. डोंगराचं चित्र लावायचं आणि बाकीचं त्याच्यावर सोडायचं.

तयारी जवळजवळ झाली आहे. चार रोल फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी. निघण्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढायचे, नाहीतर त्यांना घाम फुटतो. विमानाने येणार नाही, त्यामुळे विमानतळावरच्या नव्या स्कॅनरांची भीती नाही. ते फिल्मचा रंग मारतात. परतल्यावर रोल मुंबईला धुवायला पाठवायचे की घरी धुवायचे, यावर आमचं अजून ठरत नाही. रंगीत रसायनाला अडतीस अंश लागतात. मे असता तर गच्चीवरच्या टाकीतून थेट मिळाले असते. नोव्हेंबरात नाशिकला गॅस पेटवावा लागेल. कृष्णधवल असता तर नळाचं पाणी चाललं असतं.

“आणि गंगाआरती?” काल रात्री तिने विचारलं. “संध्याकाळची. तिथे तर लालच येणार.”

“दशाश्वमेधला पोस्टकार्डं मिळतात,” मी म्हटलं. “एक आण मला. त्यावर तिकीट लाव आणि तिथूनच टाक.”

“तिकीट इथलंच छापलेलं असेल ना?”

असेल. मी तिला सांगितलं की कॅमेऱ्याची पिशवी वरच्या बर्थवर ठेवू नको, गळ्यात ठेव, आणि परतीचं महानगरीचं तिकीट अजून आरएसीच दाखवतंय, ते आधी बघ.